ओरिजिनल सीडी घाला

१

कॉम्प्युटरला भूत लागत नाही, धूळ लागते. दुकान उघडल्यापासून हे वाक्य मी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलंय की आता ते दाराच्या काचेवर रंगवून घ्यायला हवं. पंखा घरघरतो, धूळ. मशीन मध्येच बंद पडतं, धूळ. आणि धूळ नसेल तर उरलेल्या फाइली. लोक खेळ काढून टाकतात आणि समजतात, घर रिकामं झालं. भाडेकरू गेला तरी भिंतीतले खिळे राहतातच की.

त्यातले सगळ्यात चिवट खिळे म्हणजे जुन्या खेळांचे पहारेकरी. पूर्वी खेळ सीडीवर मिळायचे. कुणी कॉपी मारून फुकट खेळू नये म्हणून कंपन्या एक छोटी फाइल गुपचूप मशीनमध्ये बसवायच्या. ड्राइव्हमध्ये घातलेली सीडी खरी की नक्कल, हे ती फाइल तपासायची. खेळ काढला तरी ही बया जागची हलायची नाही. ड्राइव्ह अडवून बसायची, मशीन सुरू होताना रडवायची. तिला उपटून काढणं हे माझं रोजचं, कंटाळवाणं काम.

त्या सकाळी मी स्टुलावर बसून एका कीबोर्डातले बिस्किटाचे कण झटकत होते. मान वर केली तर काउंटरपाशी एक म्हातारा उभा, हातात जुनापुराणा कॉम्प्युटर धरून. माझ्या दाराला पितळी घंटा आहे. माणूस सोडा, वाऱ्याने दार हललं तरी ती किणकिणते. ती वाजली नव्हती.

"कधीपासून उभे आहात?" मी विचारलं.

"हाका मारल्या मी," तो म्हणाला. आवाज बारीक, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. "ह्यात मुलीचे लहानपणचे फोटो आहेत, म्हणून गेल्या वर्षी माळ्यावरून काढला. फोटो निघाले नाहीतच. एक फाइल आहे, ती निघत नाही. तेवढी काढून द्या, ताई."

त्याने चष्मा काढून पुसला आणि पेपरात पाहिलेल्या फोटोवरून मी त्याला ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. कसा ओळखेल? आमच्या घराची राख करायला तो आमच्या घरी आला होता थोडाच.

मी पावती फाडली.

२

माझा दादा त्याच्या कंपनीत होता. कंपनी खेळांची, हा तिचा मालक. सगळे त्याला साहेब म्हणायचे. दादा पहारेकरी लिहायचा. खेळ काढला की पहारेकऱ्यानेही निमूट निघून जावं, असं दादाचं म्हणणं. तो काढायचा प्रोग्रामही त्याने लिहून दिला होता. साहेब म्हणाला, राहू दे आत, पुढच्या खेळाला उपयोगी पडेल. राहिला. लोकांची मशीनं अडायला लागली, बोंबाबोंब झाली, पेपरात आलं. मग साहेबाने कानांवर हात ठेवले. एका कर्मचाऱ्याने आम्हाला न विचारता हा उद्योग केला, आम्ही त्याला काढून टाकलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

त्यानंतर दादाला कुणी दारात उभं केलं नाही. तो खोलीत बसून राहायचा. आई ताट ठेवायची, ताट तसंच परत यायचं. एका दुपारी आई चहा घेऊन गेली तर तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्हाला कुणी विचारलं नाही, नाहीतर आम्ही नाव-पत्ता सांगितला असता.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक. नोकरीत असतानाच दादाने घरी बसून, स्वतःच्या हौसेने एक नवा पहारेकरी लिहिला होता. त्याची एक प्रत ऑफिसातल्या त्याच्या मशीनवर होती. त्याला काढलं त्या दिवशी साहेबाने ते मशीन ठेवून घेतलं, तो पहारेकरी उचलला आणि पुढच्या खेळाला चिकटवला. कॉपी मारू नका म्हणून जगाला दरडावणारा माणूस, आणि त्याने मारलेली ही कॉपी. ओरिजिनल सीडी तेवढी दादाच्या पिशवीतून घरी आली.

त्या पहारेकऱ्याबद्दल दादाने मला एकदा जेवताना सांगितलं होतं. "चोराला दारात अडवलं तर तो खिडकी शोधतो," तो म्हणाला. "मी अडवतच नाही. आत ये म्हणतो, खेळ म्हणतो. मग एकेक काढून घेतो. आधी त्याच्या पावलांचा आवाज जातो. त्याला कळतही नाही. मग दारांचा. मग हात लावला तरी वस्तू वाजत नाहीत."

"आणि मग?"

"मग काय. खेळात आहे, पण खेळ त्याला धरत नाही." आणि मीठ दे म्हणाला.

दादा असा माणूस नव्हता की कुणाचं वाईट चिंतेल. ते काम घरात माझ्याकडे आहे.

३

मशीन हातात आलं की आधी बॅकअप, मग बाकी सगळं. ह्या धंद्यात हे हातांनाच माहीत असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. साहेबाची सगळी डिस्क मी माझ्या दुकानातल्या मशीनवर उतरवून घेतली. आणि खरं सांगते, ह्या वेळी नुसत्या सवयीने नाही. दादाच्या हातचं काहीतरी त्या डब्यात होतं आणि ते मला माझ्याकडे हवं होतं. त्याच्यावर त्या माणसाचा काय हक्क?

मग फाइल शोधली. सापडली. खोडली. मशीन बंद करून सुरू केलं, फाइल जागेवर. तारीख आजची. ड्राइव्हचा ट्रे आपसूक बाहेर आला आणि पडद्यावर एक चौकट उमटली. ओरिजिनल सीडी घाला.

ह्यात नवल काही नाही. एक फाइल खोडली की दुसरी लपलेली फाइल तिला परत लिहिते, जुनी युक्ती आहे. मी दुसरी शोधली, तीही उडवली. परत तेच. शेवटी डिस्कच काढली आणि कोरी करकरीत नवी डिस्क बसवली, जिच्यावर अक्षरसुद्धा नव्हतं. मशीन सुरू केलं.

ट्रे बाहेर आला. ओरिजिनल सीडी घाला.

मी बराच वेळ त्या ट्रेकडे बघत बसले. दुसऱ्या कुठल्या चिपमध्ये काहीतरी राहिलं असेल, मी स्वतःला समजावलं. दादा हुशारच होता तेवढा. नेहमी एखादी गोष्ट समजली नाही की माझी चिडचिड होते. त्या दिवशी मला बरं वाटत होतं. निघत नाहीये ना, नकोच निघू दे.

संध्याकाळी शटर ओढलं तर ते कुरकुरलं नाही. परवा तेल घातलं होतं ते लागू पडलं, म्हटलं, चला, एक काम तरी झालं.

४

फोटो मात्र निघाले होते. ते एका पेन ड्राइव्हवर घालून, मशीन पिशवीत घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबाच्या घरी गेले. गिऱ्हाइकाच्या घरी मी सहसा जात नाही. पण हा माणूस कसा राहतो ते मला बघायचं होतं.

जिना चढून बेल दाबली. बराच वेळ कुणी आलं नाही, मग दार ठोठावलं, तेव्हाही नाही. मी परत फिरणार तेवढ्यात त्याच्या बायकोने कचऱ्याची पिशवी ठेवायला म्हणून दार उघडलं आणि मला बघून दचकली.

"बेल वाजवायची ना हो," ती म्हणाली.

मी सांगितलं कोण ते. "साहेब आहेत?"

"नाहीत. सकाळपासून दिसले नाहीत. हल्ली कधी जातात, कधी येतात, पत्ता लागत नाही."

साहेब तिच्या मागेच उभा होता. अगदी मागे, तिच्या खांद्याला हात लागेल एवढ्या अंतरावर. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली.

म्हाताऱ्या जोडप्यांत अबोला असतो. एकाच छपराखाली राहून लोक वर्षानुवर्षं एकमेकांना दिसत नाहीत. आपण कशाला तोंड घालायचं, असं म्हणून मी आत गेले. बाई स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटायला लागली. साहेबाने मला आतल्या खोलीत नेलं. दार लावलं, ते गपचूप मिटलं. टेबलावरच्या तांब्यातून ग्लासात पाणी ओतलं आणि ग्लास काचेवर ठेवला. पाणी ओतल्याचाही आवाज नाही, ग्लास ठेवल्याचाही नाही. माझ्या कानांना दडे बसल्यासारखं झालं, मी आवंढा गिळला. बाहेर बाईचं पातेलं पडलं, ते मात्र खणखणीत ऐकू आलं.

"आधी चपला वाजेनाशा झाल्या," साहेब म्हणाला. त्याचं बोलणं ऐकायला मला पुढे वाकावं लागत होतं. "मला वाटलं, वय झालं, कान गेले. मग दारं. कानाच्या डॉक्टरकडे गेलो, तो म्हणाला तुमचे कान ठणठणीत आहेत. आता ही..." त्याने स्वयंपाकघराकडे बोट केलं. "भांडण नाही आमचं, ताई. सकाळी मी तिचा हात धरला. तिने शाल पांघरून घेतली."

तेवढ्यात बाई खोलीत आली. मला म्हणाली, "चहा ठेवलाय, बसा," आणि बोलता बोलता साहेब बसला होता त्याच खुर्चीवर बसायला लागली. तो कसाबसा बाजूला सरकला. ती बसली, पदराने कपाळ पुसलं आणि पुन्हा उठून गेली. साहेब भिंतीला टेकून उभा होता, पोरासारखा.

मला काय वाटलं सांगू? गार वाटलं. इतक्या वर्षांनी छातीतली एक जागा गार झाली. भीती नंतर वाटली, आधी हे वाटलं.

"हे निघतं का?" त्याने विचारलं.

"ओरिजिनल सीडी असली तर निघतं. काढायचा प्रोग्राम त्याच सीडीवर आहे."

"ती कुणाकडे असेल आता?"

"ज्याने लिहिलं त्याच्या आईकडे," मी म्हटलं. "माझ्याही आईकडे."

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू खाली बसला.

५

आई इस्त्री करत होती. मी घरात शिरून तिच्या पाठीशी उभी राहिले आणि हाक मारली, तर तिच्या हातून इस्त्री निसटता निसटता राहिली.

"मांजरासारखी काय येतेस गं? जीव गेला असता माझा."

मी तिला सगळं सांगितलं. ग्लास, खुर्ची, शाल. आई ऐकत होती आणि उशीचा अभ्रा सरळ करत होती. भुताखेतांवर तिचा विश्वास नाही, ते माझ्यात तिच्याकडूनच आलंय. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तो सुटू शकतो?"

"शकतो. पण का सुटावा?"

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं. कपाटातून दादाचा रुमाल आणला, त्यात गुंडाळलेली सीडी माझ्या हातात दिली. वर दादाच्या वाकड्या अक्षरात 'पहारेकरी' लिहिलेलं होतं.

"काढून दे त्याचं," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, त्याने सोन्याला मारलं." सोन्या हे दादाचं घरातलं नाव. "सोन्याचं ताट रोज परत यायचं ते विसरलीस?"

"मी वाढायचे ते ताट. मी कशी विसरेन?" आई शांतपणे म्हणाली. "पण सोन्याने पहारेकरी लिहिला तसा तो काढायचा उपायही लिहिला. कुणी सांगितलं होतं त्याला? त्याला ठाऊक होतं, कुणीतरी अडकेल. त्याचं लिहिलेलं वाया घालवू नकोस."

"आणि त्याचं आयुष्य वाया गेलं ते?"

"ते गेलं. तुझं अजून आहे. ह्या माणसाला उराशी धरून तू किती वर्षं झोपणार आहेस?"

आईपुढे माझं कधी चाललंय? मी तिच्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, काढून देते. आणि सांगताना मनात पक्कं ठरलेलं होतं की देणार नाही.

६

ह्या खेपेला दार साहेबानेच उघडलं. मशीन मांडून तयार ठेवलं होतं, ट्रे बाहेर आलेला. मी रुमाल सोडून सीडी दाखवली.

"हीच?" त्याचे ओठ वाचून मला कळलं. आवाज जवळजवळ गेलाच होता.

"हीच. दादाच्या हातची. कॉपी नाही."

त्याने हात पुढे केला.

"आधी एक सांगा," मी म्हटलं. "त्याचं चुकलं काय होतं?"

साहेब फरशीकडे बघायला लागला. त्याने बहाणा केला असता तर मी कदाचित दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "काहीच नाही. मला कुणाचं तरी नाव पुढे करायचं होतं. तो भांडला नसता, म्हणून त्याचं केलं."

भांडला नसता म्हणून.

"मी भांडते," मी म्हटलं. "माझा भाऊ त्या खोलीत बसला तेव्हा रस्त्यात लोक त्याला ओळख दाखवत नव्हते. सख्खे मित्र मान फिरवून जायचे. तुम्ही आता बघा ते कसं असतं. बायको आहे, घर आहे, सगळं डोळ्यांसमोर आहे. बसा बघत."

मी सीडी दोन्ही हातांत धरली आणि वाकवली. सीडी लवकर मोडत नाही, कमानीसारखी होते. मी सगळा जोर लावला. ती फुटली, चांदीचे तुकडे फरशीभर उडाले, एक माझ्या अंगठ्यात घुसला. मी वाट बघितली की आता हा रडेल, माझे पाय धरेल.

साहेब रडला नाही. तो तुकड्यांकडे बघत होता, मग माझ्या हातांकडे. मग पुन्हा माझ्या कानाशी आला.

"वाजली नाही," तो म्हणाला.

"तुमच्या घरात वाजतंय काय?"

"माझ्या हातातलं वाजत नाही. हिच्या हातातलं वाजतं." स्वयंपाकघरात चमचा कपावर किणकिणत होता. "सीडी तुमच्या हातात होती, ताई."

मी अंगठ्यातला तुकडा उपटून टेबलावरच्या काचेवर टाकला. मग मुठीने काचेवर मारलं. ग्लास हिंदकळला, पाणी सांडलं. कप किणकिणत राहिला तेवढाच.

"माझ्या मशीनची कॉपी घेतली होतीत का?" त्याने विचारलं, अगदी आपुलकीने. माझ्या चेहऱ्यावरून त्याला उत्तर मिळालं असावं. "माझं सावकाश झालं. वर्ष गेलं. तुमच्याकडे तर कॉपीची कॉपी."

आणि तो हसला. डोकं मागे टाकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्याच्यासमोर उभी होते आणि खोलीत चमच्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

दारात बाई भेटली. ती उंबऱ्यापर्यंत आली, माझ्या अंगावरून हात पुढे घेत दार लोटलं आणि पुटपुटली, "हे कोण उघडं टाकून गेलं?"

७

मी दुकानापर्यंत पळत आले. रस्त्यावरून माझ्या पायांचा आवाज येत नव्हता, बाकी सगळ्यांचा येत होता.

बॅकअप खोडला. परत आला. सगळं मशीन पुसलं, डिस्क बाहेर काढली आणि हातोडीने तिचा चुरा केला. हातोडी खाली येत होती, धातू चेपत होता, पण शेजारचा पानाफुलांच्या कुंड्या विकणारा दोन हात अंतरावर बसून रेडिओ ऐकत होता, त्याने मान वळवली नाही. मग दुरुस्तीला आलेली मशीनं एकेक करून जागी झाली. ज्यांना विजेची वायरसुद्धा लावलेली नव्हती तीही. काउंटरवरची, फळीवरची, कोपऱ्यात उघडी पडलेली. सगळ्यांचे ट्रे बाहेर आले आणि तसेच राहिले, भिकाऱ्यांच्या हातांसारखे.

साहेबाचं मला अजूनही वाईट वाटत नाही. हे लिहून ठेवते. त्याच्यासाठी मी ती सीडी पुन्हा मोडेन.

फोन वाजला. आईचा होता. मी तो कानाला लावला.

"अगं, झालं का काम?" आई म्हणाली. "हॅलो?"

"आई," मी म्हटलं.

"हॅलो? कोण आहे? बोलत का नाही?"

"आई, मी आहे. ऐक. आई."

मग आईचा आवाज बदलला. इतक्या मऊ आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"सोन्या?" ती म्हणाली. "तूच ना रे? मला वाटलंच होतं, कधीतरी तू फोन उचलशील."

मी ओरडले. घसा सोलवटून निघाला, तोंडात रक्ताची चव आली. दुकानात काहीच ऐकू आलं नाही.

"राहू दे, नको बोलूस. मी बोलते," आई म्हणाली. "तुझी सीडी तिला दिली बरं का. त्या माणसाचं ती काढून देणार आहे. आधी नाही म्हणत होती, तिचा राग तुला माहीत आहेच. पण शेवटी ऐकलं तिने. माझ्या गळ्याची शपथ घेतली. आता तू मनाला लावून घेऊ नकोस काही. सुटला तो, तूही सूट."

मी फोन दोन्ही हातांनी धरून उभी होते. ठेवता येईना.

"येईलच ती इतक्यात," आई म्हणाली. "तिच्यासाठी मी जेवायची थांबलेय."